सुनावणी आणि सुनावणं

जनसुनावणीच्या अध्यक्षस्थानी बसणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात मी एका पर्यावरणविषयक जनसुनावणीला गेले होते. मंडपात, लोकांमध्ये, मागून तिसऱ्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. या बाजूला बसायची माझी ही पहिलीच वेळ. त्याआधी बत्तीस वर्षं मी आपल्या बाजूला होते. टेबलाचं डावं टोक, समोर आखीव वही, तासून ठेवलेल्या दोन पेन्सिली आणि कान माइककडे. मी महसूल खात्यात लघुलेखिका होते. अठ्ठावन्न पूर्ण झाली, शाल-श्रीफळ घेतलं आणि घरी आले.

त्या दिवशी मंडपाच्या तोंडाशी फलक होता. प्रत्येकानं दोन मिनिटांत बोलावं, लेखी हरकत दिलेल्यांनी पुन्हा बोलू नये, बोलणाऱ्यांनी साडेदहाच्या आत नाव नोंदवावं. आतल्या गावांतून येणारी पहिली एसटीच पावणेअकराला पोचते, हे फलक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. दीडच्या सुमाराला शेवटचा माणूस बोलला. 'आपल्या भावना शासनापर्यंत पोचवल्या जातील' असं अध्यक्षांनी सांगितलं, आभार झाले आणि मंडपवाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालायला लागली. शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं, "झालं? काय लिवलं ते वाचून नाही दाखवत का?"

मी स्वतः जे लिहिलं, त्यातलं किती वाचून दाखवलं गेलं होतं, ते आठवलं. मला त्या बाईंना उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघड.

आधी माझा वाटा सांगते, म्हणजे बाकीचं बोलायला तोंड राहील.

चौदा वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका जिल्ह्यात खाणीची सुनावणी होती. मी मूळची घाटावरची. बदलीनं तिकडे जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. दुपारी एक म्हातारी माइकपाशी आली. माइक तिच्या कपाळाच्या उंचीला होता. तो खाली करायला कुणी उठलं नाही, म्हणून ती मान वर करून बोलली. अकरा मिनिटं बोलली. माझ्या वहीत वेळ टिपलेली आहे, कारण सुरुवात आणि शेवट यांची वेळ समासात टाकायची मला सवय होती.

ती म्हणाली, "साहेब, पाणी एकदम नाही जात. आधी त्याची चव जाते. मंग ते येळ लावते." मग तिनं झिऱ्याचं सांगितलं. नाल्याच्या वाळूत उकरलेला खड्डा, त्यात झिरपणारं पाणी वाटीवाटीनं गुंडात, म्हणजे हंड्यात, भरायचं. तिची सासू झिऱ्यावर बसायची तेव्हा "गुंड भरेलोक दोन गाणे होत". शेजारच्या टेकडीला आधीची लहान खाण सुरू झाल्यापासून पाच गाणी होतात, तरी गुंड भरत नाही. होळीनंतर तर ते भरेलोक सावली सरकून जाते. आता ही मोठी खाण नाल्याच्या वरच्या अंगाला येणार, तर किती गाणी म्हणायची, तेवढं सांगा, असं तिचं म्हणणं.

मंडपात हशा पिकला. अध्यक्ष सज्जन होते, तेही हसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाण्याचा मुद्दा ना? घ्या." मी घेतला. इतिवृत्तात ओळ अशी उतरली: 'श्रीमती अमुक यांनी पाण्याबाबत प्रश्न उपस्थित केला. नोंद घेण्यात आली.'

एवढंच असतं तर मी साहेबांकडे बोट दाखवलं असतं. पण माझ्या वहीतही एक चूक होती. 'भरेलोक' हा शब्द मी 'भरे लोक' असा लिहिला होता आणि त्याचा अर्थ 'पाणी भरणारे लोक' असा धरला होता. संध्याकाळी चहा पिताना आमचे शिपाईमामा म्हणाले, "म्याडम, भरेलोक म्हंजे भरेपर्यंत." म्हणजे ती बाई लोकांची गोष्ट सांगतच नव्हती. ती वेळ मोजत होती. घड्याळ नसलेल्या माणसानं, गाण्यांच्या मापानं, झिऱ्याला पाणी किती वेगानं येतं याची दोन पिढ्यांची नोंद तिनं आमच्यापुढे ठेवली होती. प्रकल्पाच्या अहवालासाठीची मोजणी बहुतेक वेळा एकाच ऋतूतली असते, तीही पावसाळा सोडून. त्या दिवशी मंडपात पाण्याचा सर्वांत लांब पल्ल्याचा आकडा त्या म्हातारीपाशी होता. तो आम्ही हसण्यावारी नेला.

पुढे काय झालं, तेही पाहा. नियमाप्रमाणे लोकांचे मुद्दे आणि त्यावर प्रकल्पधारकाचं म्हणणं असा तक्ता इतिवृत्ताला जोडतात. डाव्या रकान्यात 'पाण्याबाबत प्रश्न', उजव्या रकान्यात 'पाणी पुनर्भरणाच्या योग्य उपाययोजना करण्यात येतील'. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर, आणि दोन्ही बाजू समाधानी. डाव्या रकान्यात 'दोन गाण्यांऐवजी पाच, होळीनंतर त्याहून जास्त, नाल्याच्या वरच्या अंगाला खाण' एवढं जरी असतं, तरी उजव्या रकान्याला घाम फुटला असता. प्रश्न आम्ही आमच्या टेबलावरच बोथट केला होता.

ती वही मी फाडली नाही. कार्यालयीन प्रत कधीच रद्दीत गेली असेल, पण माझी टिपणवही कपाटात आहे.

आता थोडं माझ्या विद्येबद्दल, कारण मला जे म्हणायचंय ते तिच्यातूनच येतं. लघुलेखन म्हणजे भरभर लिहिणं असं लोकांना वाटतं. परीक्षाही शब्दांच्या वेगाचीच असते, मिनिटाला ऐंशी, शंभर, एकशेवीस. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष आम्हाला शिकवतात ते ऐकायला. पिटमन यांनी १८३७ मध्ये मांडलेली पद्धत ध्वनीवर उभी आहे. जे कानावर पडलं त्याची रेघ काढायची, स्पेलिंगशी देणंघेणं नाही. घाईत स्वरचिन्हं गळतात आणि मग 'माल', 'मोल', 'मूल' यांचा सांगाडा जवळपास एकसारखा दिसतो. कोणता शब्द होता हे वाक्य सांगतं, आणि वाक्य नीट ऐकलेलं नसेल तर हात मुलाचं मोल करून ठेवतो.

आमच्या बाई एक गोष्ट रोज बजावायच्या. बोलणाऱ्याच्या दोन शब्द मागे राहा. पुढे गेलात की तुम्ही त्याचं वाक्य तुमच्या डोक्यातून पूर्ण करता, आणि मग त्याचं नाही, तुमचं लिहिता. शिकाऊ मुली हटकून इथेच पडायच्या. ओळखीचं वाक्य सुरू झालं की हात आपोआप धावायचा. 'मी आपले आभार' म्हटलं की पुढे 'मानतो' लिहून मोकळ्या. आणि वक्ता म्हणालेला असायचा, 'मी आपले आभार मानणार नाही.'

साहेब, राग मानू नका, पण बहुतेक अध्यक्षांचा हात असाच पुढे धावलेला मी पाहिला आहे. शेतकरी उभा राहिला की 'मोबदला', बाई उभी राहिली की 'पाणी', तरुण उभा राहिला की 'नोकरी'. माणसानं तोंड उघडायच्या आत मथळा तयार. त्यात दुष्टावा नसतो. दिवसभरात साठ माणसं ऐकायची, मंत्रालयातून दोनदा फोन, बाहेर पोलीस बंदोबस्त, मंडपात पत्रे तापलेले. मी शेजारीच असायची, मला माहीत आहे. पण दमलेला कान आणि न शिकलेला कान यांत फरक आहे. दमलेल्याला विश्रांती पुरते. न शिकलेल्याला आपण ऐकलं नाही हे कळतच नाही.

आपली भाषाही या बाबतीत मजेशीर आहे. सुनावणी म्हणजे ऐकून घेणं, आणि सुनावणं म्हणजे समोरच्याची हजेरी घेणं. दोन्ही एकाच घरातले शब्द. कित्येक सुनावण्यांत पहिल्या अर्थानं सुरुवात होते आणि अर्ध्या तासात दुसऱ्यावर गाडी येते: "विषयाला धरून बोला", "हे आधी झालंय", "इथे राजकारण नको". दुसरी गंमत 'ऐकणं' या शब्दाची. 'पोरगं माझं ऐकत नाही' म्हणजे त्याला बहिरेपण आलेलं नसतं, ते सांगितल्याप्रमाणे वागत नाही. मला वाटतं अधिकाऱ्यांच्या मनातली भीती इथेच आहे. ऐकलं म्हणजे मान्य केलं असं दिसेल, म्हणून पुरतं ऐकायचंच नाही. पण जनसुनावणी हे मतदान नव्हे. अध्यक्षांनी होय किंवा नाही म्हणायचंच नसतं. निर्णय दुसरीकडे व्हायचा असतो.

आणि नेमकं म्हणूनच कागदाला किंमत आहे. बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरून आंध्र प्रदेशातलं एक प्रकरण १९५८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलं होतं. हरकती ऐकल्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं ठरवायचं, तर ती सुनावणी पोकळ उपचार ठरते, असं न्यायालयानं म्हटलं. पर्यावरणाच्या सुनावणीत ही फारकत मुळातच आहे. ऐकतात जिल्ह्यात, प्रकल्प तोलते दिल्लीतली किंवा राज्यातली तज्ज्ञ समिती. त्या समितीनं झिरा पाहिलेला नसतो, म्हातारीचा आवाज ऐकलेला नसतो. चित्रफीत सोबत जाते हे खरं, पण पाच तासांची चित्रफीत कोण किती बघत असेल याचा अंदाज आपल्याला माझ्यापेक्षा जास्त आहे. समितीचा कान म्हणजे इतिवृत्त. तो कान आपण सही करून पाठवता.

आता तक्रारी. नव्या काही मागण्यांच्या आधी, जे लिहून ठेवलंय तेच होत नाही याची.

प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीबाबतची केंद्राची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आपल्याला पाठ असेल. तिच्या चौथ्या परिशिष्टात सुनावणीची रीत दिली आहे. किमान तीस दिवसांची सूचना. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालचा नसलेला प्रतिनिधी. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पधारकाकडून माहिती आणि खुलासा मागायची संधी. आणि शेवटी, मतं जशी मांडली गेली तशी दाखवणारा कामकाजाचा गोषवारा श्रोत्यांना वाचून दाखवायचा, स्थानिक भाषेत समजावून सांगायचा, मान्य झालेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी सही करायची. दोन मिनिटांची मर्यादा यात नाही. लेखी दिलं तर तोंडी बोलू नये, हेही नाही. आणि वाचून दाखवणं हे अध्यक्षांच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

वाचन होतच नाही असं मी म्हणणार नाही. होतं. रात्रीच्या बातम्यांच्या वेगानं, माइकपासून तोंड बाजूला ठेवून, अर्धे लोक एसटी गाठायला निघून गेल्यावर होतं. 'श्रोते' असा शब्द कागदावर असतो आणि समोर उरलेले असतात कंपनीचे कर्मचारी, दोन हवालदार आणि मंडपवाला.

दुसरं दुखणं 'इतरांनीही हेच मुद्दे मांडले' या वाक्याचं. हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा टंकलं आहे. एकाच मुद्द्यावर वीस माणसं बोलली की आम्हाला सुटल्यासारखं वाटायचं. पण वीस जण स्फोटांबद्दल बोलले, तर एकाच्या घराला तडा आहे, एकाची गाभण म्हैस उधळली आहे, एकाची बोअर आटली आहे आणि एक जण शाळेच्या वेळेत स्फोट करू नका म्हणतो आहे. शेवटच्याची मागणी तर प्रकल्प होऊनही पुरी करता येण्यासारखी असते. 'इतरांनीही हेच' या दोन शब्दांत तीही बुडते.

'नोंद घेण्यात आली' याबद्दलही बोलायला हवं. कुणी घेतली? कर्ता नसलेलं हे वाक्य सरकारी मराठीनं मोठ्या मायेनं जपलं आहे, आणि ते जपण्यात मीही हातभार लावला आहे.

भाषेचं सगळ्यांत अवघड आहे. आपल्या राज्यात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, कामकाज मराठीतून होतं, चांगलं आहे. पण मराठी म्हणजे कुणाची मराठी? मला वऱ्हाडीतला एक प्रत्यय कळला नाही आणि एक आकडा गेला. गोंडी, कोलामी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांचं काय होत असेल? अनेकदा गावातलाच कुणी शिकलेला मुलगा दुभाषा म्हणून उभा करतात. बाई चार मिनिटं बोलते आणि मुलगा सांगतो, "ती नाही म्हणते." २०२० साली या अधिसूचनेच्या जागी नवा मसुदा आला, तेव्हा तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत भाषांतरित करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. त्याच मसुद्यात तीस दिवसांची मुदत वीसवर आणायचा प्रस्तावही होता. कागद समजायला वेळ लागतो हे ज्यांना सांगावं लागतं, त्यांना माणूस समजायलाही लागतो हे कुणी सांगायचं?

ऐकणं शिकता येत नाही, तो स्वभाव असतो, असं मला एका अधिकाऱ्यांनी ऐकवलं होतं. त्यांना गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) इथे जाऊन यायला सांगावंसं वाटलं होतं. तिथली ग्रामसभा बहुमतानं ठरवत नाही, सर्वसहमतीनं ठरवते. म्हणजे एक माणूस जरी अडून बसला तरी त्याचं काय अडलंय हे बाकीच्यांना समजून घ्यावंच लागतं, कारण त्याला मतांनी हरवायची सोयच ठेवलेली नाही. विषय पिकवायला गावाचा अभ्यासगट असतो, निर्णयाचं नंतर. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागे वर्षानुवर्षांच्या बैठका आहेत, हे घोषणेत मावत नाही. आणि मनावर घेतलं तर शासनालाही हे जमतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ मध्ये ओडिशात नियमगिरीच्या पायथ्याशी बारा ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून बसले, डोंगर आमचा देव आहे असं लोकांनी आपापल्या शब्दांत सांगितलं, बाराही सभांनी बॉक्साइटची खाण नाकारली आणि २०१४ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रालयानं परवानगी नाकारली. निकालाचं ज्याला जे वाटायचं ते वाटो. बोललेलं दिल्लीला पोचलं, एवढंच मी बघते.

लोकांची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. गेल्या महिन्यातल्या त्या मंडपात एक तरुण प्रकल्पाच्या बाजूनं बोलायला उठला. घरी बसलोय, काम हवंय, म्हणाला. लोकांनी त्याला शिट्ट्या मारून खाली बसवलं. त्याचंही म्हणणं अर्धवटच लिहिलं गेलं असणार. पुढारी येतात, कॅमेऱ्याकडे तोंड करून भाषण ठोकतात आणि निघून जातात. बसगाड्या भरून आणलेले समर्थकही मी पाहिले आहेत आणि विरोधकही. अशा गोंधळात अध्यक्षांनी त्या एकट्या पोराला माइक परत मिळवून दिला असता, तर मला वाटतं, विरोधातल्या लोकांनाही आपलं ऐकलं जाईल असा भरवसा वाटला असता.

तर मागण्या अशा.

गोषवारा वाचून दाखवण्यासाठी वेळ सूचनेतच छापा आणि शेवटची एसटी सुटायच्या आत तो वाचा. वाचताना ज्याचा मुद्दा आहे त्याला विचारा, असंच म्हणालात ना? नाही म्हणाला तर तिथेच दुरुस्त करा, मग सही. याला तासभर जास्त लागेल. ज्या खाणी तीस-तीस वर्षं चालायच्या, त्यांच्यासाठी हा तास फार नाही.

बोलणाऱ्यानं सांगितलेली जागा, महिना, माप आणि मागणी त्याच्या शब्दांत उतरवा, मग ते माप गाण्यांचं का असेना. 'इतरांनीही हेच' बंद करा.

दोन लघुलेखक द्या. विधिमंडळात प्रतिवेदक पाळीपाळीनं काही मिनिटं लिहितात, कारण कान त्यापुढे टिकत नाही. जिल्ह्यात एकच बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लिहिते आणि मग आपण इतिवृत्त त्रोटक का म्हणून तिच्यावर रागावता. बोली जाणणारा दुभाषा आधी ठरवा, त्याला मानधन द्या, आणि बाई चार मिनिटं बोलली तर त्यालाही चार मिनिटं लागू द्या.

प्रकल्पधारकाचं उत्तर ज्यानं प्रश्न विचारला त्याच्या हातात पडू द्या. कार्यालयाच्या फलकावर लावलं म्हणजे पोचलं नाही.

आणि यशदात, शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत, आपली एवढी प्रशिक्षणं होतात, त्यात अर्धा दिवस याला द्या. व्याख्यान नको. आपल्याच एका सुनावणीची चित्रफीत लावायची, समोर सही केलेलं इतिवृत्त ठेवायचं आणि ओळीओळीनं ताडून बघायचं. आमच्या बाई आमच्याकडून हेच करून घ्यायच्या. पहिल्या दिवशी सगळ्या रडल्या होत्या.

माइकची उंची कमी-जास्त करायला एक माणूस नेमा. हे मागणीत लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

त्या अकरा मिनिटांचं पुरं लिप्यंतर मी या आठवड्यात केलं. वहीची साडेसात पानं होती, मराठीत साधारण बाराशे शब्द झाले. 'भरेलोक' दुरुस्त केलं आहे. दोन ठिकाणी मला माझीच रेघ लागली नाही, तिथे जागा कोरी ठेवली आहे, अंदाजानं भरलेली नाही. ती बाई आता आहे की नाही, मला माहीत नाही. त्या गावात विचारायला पुढच्या महिन्यात जाणार आहे. असली तर आधी तिला वाचून दाखवीन आणि त्या दोन कोऱ्या जागा विचारून घेईन. त्यानंतर आपल्यापैकी कुणाला ऐकायचं असेल तर कळवा. मी येईन, प्रवासखर्च नको.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका